यथार्थता पटवून द्या

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना नागपूरला आमच्या मराठी विभागात एक वाचनगट सुरू झाला. आणीबाणी उठून फार काळ लोटला नव्हता आणि जो तो बोलायला उतावीळ होता. गट सुरू केला आमच्या एका तरुण अधिव्याख्यात्यांनी. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, दर वर्षी नव्यानं व्हायची. हैदराबादला कुठल्याशा अभ्यासवर्गाला ते जाऊन आले आणि येताना सायक्लोस्टाइल केलेल्या इंग्रजी लेखांनी भरलेली एक शबनम पिशवी घेऊन आले. शाई पसरलेली, अक्षरं अर्धी उठलेली. त्या लेखांत काय होतं ते पहिल्या दोन बैठकांत आम्हांला धड कळलं नाही. पण एक गोष्ट कळली आणि तिनं मला पार हलवून टाकलं. कवीला काय म्हणायचं आहे, हे विचारू नका, असं ते लेख सांगत होते. शाळेपासून मी तेवढंच विचारत आणि तेवढंच लिहीत आले होते. हे म्हणत होते, लिहिणाऱ्याला सोडा, समोरच्या कागदावर काय चाललंय ते पाहा. कोण बोलतंय, कुणाशी, आणि कुणाला गप्प बसवून.

शनिवारी तास संपले की आम्ही मागच्या खोलीत बसायचो. तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले असत आणि पंखा फिरला की धूळ उडायची. बैठकीला यायचे बरेच, टिकलो आम्ही तिघंच. एक मी. दुसरा काटोलकडचा माझा वर्गमित्र. घरी संत्र्याची बाग, वसतिगृहात राहायचा आणि वर्गात, बैठकीत, कुठेही आपली वऱ्हाडी सोडायचा नाही. तिसरी इंग्रजी विभागात संशोधन करणारी एक मुलगी. सिव्हिल लाइन्समध्ये बंगला, कॉन्व्हेंटचं शिक्षण, मराठी जरा अडखळत बोलायची, पण त्या लेखांतलं एकेक वाक्य सोडवून सांगावं तर तिनंच. त्या काळी मुलं-मुली एकमेकांना अहो-जाहो करायची. आम्हीही करायचो. भांडताना तर जास्तच.

भांडणं खूप व्हायची. पहिलं मोठं भांडण एका शब्दावरून झालं. इंग्रजीतल्या ‘टेक्स्ट’ला मराठीत काय म्हणायचं? सर म्हणाले, संहिता. मला तो शब्द सोवळ्यात असल्यासारखा वाटायचा. मी म्हटलं, मजकूर म्हणू. माझे बाबा भूमी अभिलेखाच्या कचेरीत कारकून होते. ‘मजकूर’ हा शब्द आमच्या घरात रोजच्या भाजीइतका होता. सातबाऱ्याचा मजकूर, नोटिशीचा मजकूर, तारेचा मजकूर. सरांना वाटलं, तो फार कचेरीतला शब्द आहे. मी म्हटलं, म्हणूनच. शेवटी ते संहिता म्हणत राहिले आणि मी मजकूर.

तर हा मजकूर वाचायचा म्हणजे कसा, हे करून बघायला एखादं लहानसं उदाहरण घेऊ, असं ठरलं. कविता घ्यावी, असं सर म्हणाले. मी बसले होते तिथे शेजारी गठ्ठ्यावर मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका पडली होती. मी ती उचलली आणि म्हटलं, हीच वाचू या.

सगळे हसले. पण वाचायला लागलो आणि हसू ओसरलं. ‘रसग्रहण करा’ असं तिथे लिहिलं होतं. काटोलचा म्हणाला, हुकमावर रस निघत असता तर आमच्या बागेत काय पाहिजे होतं. मग ‘थोडक्यात’ म्हणजे कुणाच्या मानानं थोडक्यात? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, भरपूर गुणांचा: एक विधान, आणि त्याखाली ‘या विधानाची यथार्थता पटवून द्या.’ ते विधान खरं आहे की नाही, हे कुणी विचारतच नव्हतं. ते आधीच खरं ठरलं होतं. आम्ही फक्त पटवून द्यायचं होतं. आणि पटवायचं तरी कुणाला? ज्यांनी विधान लिहिलं त्यांना ते पटलेलंच होतं. वर सूचना: उत्तरपत्रिकेवर कुठेही नाव लिहू नये. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याला नाव नाही, उत्तर देणाऱ्याला नाव नाही, आणि तरी कोण मान वर करून बोलतंय आणि कोण खाली घालून, ते प्रत्येक ओळीत स्पष्ट.

तीन-चार शनिवार हेच चाललं. मग मी म्हटलं, मी हे लिहून काढते.

आम्ही इतवारीत भांड्यांच्या एका दुकानावर भाड्यानं राहायचो. दोन खोल्या. खाली दिवसभर पितळेवर ठोके पडत असत. टेबल असं घरात एकच, आईच्या शिवणयंत्राचं. आई आसपासच्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. मी यंत्राचं डोकं आत उलटं करून, फळी पाडून त्यावर आठवडाभर लिहीत बसले. ठोक्यांची सवय होती. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त ‘मजकूर’च्या जागी ‘संहिता’ केलं. मी परत ‘मजकूर’ केलं.

विभागाचं एक भित्तिपत्रक होतं. काचेच्या चौकटीत विद्यार्थ्यांच्या कविता लागायच्या. तिथे आम्ही लेख लावला. खाली नाव घातलं नाही. ही इंग्रजीवाल्या मैत्रिणीची कल्पना. लिहिणाऱ्याला महत्त्व नाही असं आपण म्हणतो ना, मग नाव कशाला? मला ते पटलं. खरं सांगायचं तर मजाही वाटली.

दुपारपर्यंत चौकटीपुढे गर्दी झाली. अर्थशास्त्राची पोरंसुद्धा येऊन वाचून गेली. संध्याकाळी चौकट रिकामी होती आणि सरांना विभागप्रमुखांनी बोलावलं होतं.

विभागप्रमुखांबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. जुन्या काव्याचा इतका जाणता माणूस मी नंतर पाहिला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यातही कोट घालून यायचे आणि एक ओवी तासभर उलगडत बसायचे, घंटा झालेली कळायची नाही. पण ती प्रश्नपत्रिका त्यांनी काढली होती. हे कुणी सांगायचं नसतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना वाटलं, तात्पुरत्या नेमणुकीतल्या एका पोरगेल्या माणसानं विद्यार्थ्यांच्या आडून आपल्यावर नेम धरलाय.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हांला कँटीनच्या मागे गाठलं. चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “मी त्यांना सांगून टाकतो की लेख माझाच आहे. तसं लिहून मागताहेत ते. लिहून देतो आणि दिलगिरी व्यक्त करतो. तुमच्या परीक्षा तोंडावर आहेत, तुम्हांला त्यात ओढायचं नाही मला.”

मैत्रीण म्हणाली, हे फार उदार आहे तुमचं. आणि मला भयंकर राग आला. राग विभागप्रमुखांचा नव्हता, सरांचा होता.

मी म्हटलं, “सर, तो लेख मी लिहिलाय. तो तुम्ही तुमच्या नावावर कसा घेणार?”

“मी तुम्हांला वाचवतोय.”

“मला वाचवा म्हणून मी म्हटलं नाही.”

मैत्रिणीला हे अजब वाटलं. तिनं शांतपणे मला आठवण करून दिली की नाव नको, हे मीही मान्य केलं होतं. लेखक कोण याला काडीचं महत्त्व नाही, असं मीच मागच्या शनिवारी टेबलावर हात आपटून म्हणत होते. मग आता हा आग्रह कशाचा? तिचं बरोबर होतं, तर्कानं बघितलं तर. पण मी तिला म्हटलं, “तुमचे आजोबा, वडील, दोघांची नावं कुठल्या कुठल्या पुस्तकांवर आहेत. तुम्हांला नाव पुसून बघायची हौस आहे, ती समजू शकते मी. माझ्या घरात आजवर कुणाचं लागलेलंच नाही. पुसू काय?”

काटोलचा माझ्याकडे वळून म्हणाला, “मले एक सांगा, तुम्ही जाऊन सांगितलं तर ते मानतील काय? तुमचं लिहिलं हाये असं?”

तो हे का म्हणाला, ते मला कार्यालयात गेल्यावर कळलं.

विभागप्रमुखांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले आणि सांगितलं की लेख मी लिहिला आहे. ते रागावले नाहीत. ते हसले, आणि ते हसणं प्रेमळ होतं, हेच वाईट. म्हणाले, “तुम्ही चांगल्या विद्यार्थिनी आहात. पण ही भाषा तुमची नाही. यामागे डोकं कुणाचं आहे, ते मला ठाऊक आहे.”

मी म्हटलं, डोकं माझंच आहे.

त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं ते असं. वर्गात तोंडी उत्तर देताना मी अजून ‘मले’, ‘त्याले’ म्हणते. घाईत बोलले की ‘करून राहिली’ म्हणते. ते काही वावगं नाही, घरची बोली आहे. पण असं बोलणाऱ्या मुलीच्या हातून असं गद्य उतरत नाही, तीस वर्षं पेपर तपासणाऱ्याला तेवढं कळतं. मी भावनेच्या भरात सरांना पाठीशी घालते आहे. ते योग्य नाही, आणि त्याचे निराळे अर्थही निघू शकतात.

ते शेवटचं वाक्य ऐकून माझे कान तापले. मी तशीच बाहेर आले.

त्या आठवड्यात त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा कचेरीतून अर्धी रजा टाकून सायकलवर आले, टोपी हातात धरून त्यांच्यापुढे बसले आणि घरी परत आले ते काळजीनं काळवंडून. ते सावनेरकडच्या शेतकरी घरातले. शिकून कारकुनीत आलेले घरातले पहिले. वरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलं होतं आणि त्या पाळण्यावरच आमचं घर उभं होतं. त्यांनी मला पुढ्यात बसवलं. म्हणाले, “सरांनी लिहिलं असं लिहून दे. ते सोता हो म्हणून राहिले, मग तू काहून अडून बसली?”

मी म्हटलं, ते खोटं आहे.

बाबा म्हणाले, कागदावर काय खरं न् काय खोटं, बाई. कागद फायलीत जाते. तुझी परीक्षा होऊन जाऊ दे.

त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. त्यांनी हजारो कागद असे फायलीत जाताना पाहिले होते. तेवढ्यात आई हातातला ब्लाऊज खाली ठेवून म्हणाली, “आठवडाभर माही मशीन बंद होती. बाया येऊन येऊन परत गेल्या, मी सगळ्याईचं ऐकून घेतलं. हिनं लिहिलं नाही तर मग काय झोपली होती काय मशीनवर?”

बाबा तिला म्हणाले, तू यात बोलू नको. ती परत शिवायला लागली. पण यंत्राचा आवाज त्या दिवशी जरा मोठाच होता.

मी लिहून दिलं नाही. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ताटावर बसले की समोरच्या भिंतीकडे बघून जेवायचे. मला त्याचं फार लागायचं, आणि तरी नाही म्हणजे नाही, हे मनात घट्ट होत गेलं. मी रडायचे आणि घट्ट व्हायचे, दोन्ही एकदमच.

मग मी परत विभागप्रमुखांकडे गेले. या वेळी बसले. म्हटलं, “सर, तुम्हांला वाटतं ना की हे मला लिहिता येत नाही? मला इथेच बसवा. कागद द्या. तुम्ही सांगाल त्या मजकुरावर लिहिते.”

त्यांना हा उद्धटपणा वाटला, हे दिसत होतं. पण माणूस परीक्षक होता. परीक्षा मागणाऱ्याला नाही कसं म्हणणार? टेबलावर नुकतीच टंकलिखित होऊन आलेली एक सूचना होती. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली, दोन कोरे ताव दिले आणि स्वतः वाचत बसले.

सूचना आमच्याबद्दलच होती. सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, विभागातील मागील खोली यापुढे कोणत्याही बैठकीसाठी उपलब्ध करून दिली जाणार नाही.

ती मी दोनदा वाचली. मग मी लिहायला लागले. ‘कळविण्यात येते’ म्हणजे कोण कळवतं? वाक्यात कुणीच नाही. ‘उपलब्ध करून दिली जाणार नाही’, म्हणजे कोण देणार नाही? तिथेही कुणी नाही. खोली आपली आपण बंद झाली, जशी संध्याकाळ आपली आपण होते. कुलूप कुणाच्या हातात आहे, ते वाक्यात येऊ नये म्हणून सगळं वाक्य वाकवलं आहे. आमच्या आईला एखादी गोष्ट नको असली तर ती म्हणते, “मी देत नाही.” त्या तीन शब्दांशी भांडता येतं. या सूचनेशी भांडायचं तर माणूसच सापडत नाही. असं मी लिहीत गेले. मध्येच मला वाटलं की आपण आता यांच्यावरच लिहितो आहोत, त्यांच्यासमोर बसून, त्यांनी दिलेल्या कागदावर. वाटलं, आणि तरी थांबले नाही. दुसऱ्या तावाच्या शेवटापर्यंत गेले. खाली नाव लिहिलं, पूर्ण नाव, माझं, बाबांचं आणि आडनाव.

त्यांनी कागद घेतले. तांबडी शाई काढली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त करत करत शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी थांबून ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग टोपण लावलं आणि म्हणाले, “लेख तुमचाच आहे.”

आणखी काहीतरी येईल असं वाटलं. ते म्हणाले, “पण ही समीक्षा नव्हे.”

“मग काय आहे, सर?”

“उद्धटपणा.”

मी म्हटलं, “चालेल.”

त्यांनी माझ्याकडून दिलगिरी मागितली नाही, मी व्यक्त केली नाही. सरांकडून लिहून घ्यायचं तेवढं त्यांनी थांबवलं. सूचना मात्र दुसऱ्या दिवशी फलकावर लागलीच, एक अक्षर न बदलता.

पुढच्या शनिवारी मागच्या खोलीला कुलूप होतं. आम्ही विभागाच्या जिन्यावर बसलो. मार्च लागला होता, पायऱ्या तापल्या होत्या. सर आले नाहीत. त्यांना येणं शक्य नव्हतं, ते आम्ही समजून होतो. मैत्रीण त्यातला एक इंग्रजी लेख वाचत होती आणि काटोलचा एकेका वाक्याचं वऱ्हाडी करून मागत होता. तेवढ्यात विभागप्रमुख वरून खाली आले. आम्ही उठून उभे राहिलो. तेवढी रीत अंगात मुरलेली होती. ते मधून निघून गेले, वळून म्हणाले, आवाज कमी ठेवा. आम्ही कमी ठेवला आणि पुढचं वाक्य वाचलं. परीक्षेपर्यंत दर शनिवारी आम्ही त्या जिन्यावर होतो. येणारे-जाणारे आमच्यामधून वाट काढायचे. काही जण बसायचेही. खोलीत होतो त्यापेक्षा जिन्यावर गट मोठा झाला.

परीक्षेत त्याही वर्षी एक विधान आलं, यथार्थता पटवून द्या म्हणून. मी ते विधान का यथार्थ नाही, ते लिहिलं. पुरवणी घेऊन लिहिलं. माझा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. त्याच उत्तरानं हुकला की आणखी कशानं, मला माहीत नाही, आणि मी कधी चौकशी केली नाही.

सरांची नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही. त्यांना चंद्रपूरकडच्या एका महाविद्यालयात जागा मिळाली. त्यांना पोचवायला मी आणि काटोलचा बसस्टँडवर गेलो होतो. तिथे त्यांनी मला, राग नाही पण खंत असावी अशा आवाजात म्हटलं, “मी तेव्हा लिहून दिलं असतं, दिलगिरी व्यक्त केली असती, तर त्या माणसाचा अहंकार शमला असता आणि कदाचित मी इथेच असतो.” मी म्हटलं, असेलही. ते म्हणाले, “तुम्हांला अजूनही वाटतं की तुम्ही बरोबर केलं?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, ती पटल्याची होती की हताश, ते कळायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण माझं लिहिलेलं त्यांच्या नावावर गेलं असतं तर मला स्वतःबद्दल जे वाटलं असतं, ते मी कशानंही भरून काढू शकले नसते.

मी पुढे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. पीएच.डी.साठी विषय दिला, शासकीय सूचनांची मराठी. तो साहित्याचा विषय नाही म्हणून परत आला. मी दुसरा दिला नाही. त्यावर सुटे लेख लिहिले, मासिकांना पाठवले, काही छापून आले. काटोलचा गावी परतला, तिथल्या शाळेत शिकवतो आणि बाग बघतो. मैत्रीण लग्न होऊन दिल्लीला गेली. गट संपला, असं म्हणायला हरकत नाही.

बाबांनी माझ्याशी बोलणं सुरू केलं ते निकालानंतर. सुरू केलं म्हणजे एके दिवशी ताटावर बसून माझ्याकडे बघून म्हणाले, मीठ दे. पण तो विषय त्यांनी सोडला नाही. मला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, ते स्वतः निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, आणि शेवटच्या आजारपणातही, उशीला टेकून, पंख्याकडे बघत म्हणाले, “लिहून द्यायला पाहिजे होतं तू. पहिला वर्ग आला असता. प्रोफेसर झाली असती.”

मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि म्हटलं, “नाही, बाबा. नव्हतं द्यायला पाहिजे.”

“लय हट्टी हायेस वं तू,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.